योग्य तो पर्याय निवडा

हे वाक्य माझं.
चकाल्याला नवव्या मजल्यावर, जेवणानंतरच्या सुस्तीत
मी ते लिहिलं, पूर्णविराम दिला
आणि पुढच्या आज्ञेकडे वळले.

आठ महिन्यांनी, पहाटे सव्वातीनला फोन.
त्या आठवड्यात मदतीचा नंबर माझ्याकडे होता.
ससून डॉकच्या शीतगृहातून इंदुमती वैती.
मागे क्रेट ओढल्याचा आवाज, कुणाची तरी शिवी,
आणि त्यांचा स्वर ओळंब्यासारखा सरळ:
"बाई, बर्फात तीनशे बारा क्रेट बांगडा आहे.
पडद्यावर शून्य आहे.
तुमच्या पुस्तकात लिहिलंय, योग्य तो पर्याय निवडा.
योग्य कुठला, ते कुठल्या पानावर आहे?"

असं पान नव्हतं.

बॅकअप होता. बांगडे परत आले,
म्हणजे पडद्यावर. बर्फातून ते कुठे गेलेच नव्हते.
मी मात्र उजाडेपर्यंत माझंच पुस्तक वाचत बसले,
परक्याचं वाचावं तसं.
'सहज', 'फक्त', 'अर्थातच'
पानोपानी पाय पसरून बसलेले,
ज्याला येतं त्यालाच समजावणारे.
आणि कर्मणी प्रयोग तर असा,
की नोंद कुणीच पुसत नव्हतं,
नोंदी आपापल्या पुसल्या जात होत्या.

शुक्रवारी रात्री मी गोदीत गेले.
रबरी बूट वैतीबाईंनीच दिले, एक नंबर मोठे.
काचेच्या खोलीत जुना संगणक,
कीबोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत,
कारण हात ओले असतात.
मी त्या हातांना तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या होत्या.

पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला
कॅलेंडरचा पाठकोरा कागद, निळं पेन:

रेघा दोन. मधे जागा नाही.
आधी 'दाखव' मार.
दाखवलं ते खरं का, दाराशी जाऊन मोज.
मगच 'पूस'.
पुसलेलं परत येत नाही.
काही बोलला नाही म्हणजे काम झालं.
गप्पच असतो तो. घाबरू नको.

"कुणासाठी लिहिलंत?"
"रूपेश येतो ना, माझ्या सुट्टीला. नवीन पोर.
रात्रीचं विचारणार कुणाला?"

मी वहीत उतरवून घेतलं,
परीक्षेत शेजारच्या बाकावरचं उतरवावं तसं, मान न वळवता.
मग एक अडचण काढलीच:
दाराशी जाऊन मोज, हे छापू कसं? सगळ्यांकडे दार नसतं.
त्यांनी चष्मा दोरीवर सोडला.
"मोजायला काहीतरी असतंच की, बाई."

ऑफिसात होशंग म्हणाला, हा 'तो' कोण?
प्रोग्रॅमला कुठे स्वभाव असतो?
मी 'तो' सोडला. 'घाबरू नको'सुद्धा सोडलं.
पण ती दोन वाक्यं ठेवलीच:
'आज्ञा पार पडली तर पडद्यावर काहीही दिसत नाही.
हे ठीक आहे.'
दुसऱ्या वाक्यासाठी चाळीस मिनिटं भांडले.
तीन शब्दांचं वाक्य.
होशंगच्या मते त्यात माहितीच नव्हती.

एप्रिलमध्ये पुन्हा जाणं झालं, दुसऱ्याच कामासाठी.
कडेचा कागद निघाला होता.
डिंकाच्या पिवळ्या चौकोनात आता
रूपेशची चहाची उधारी, एकशे दहा.
वैतीबाई दाराशी क्रेट मोजत होत्या,
त्यांनी पुस्तकाचा विषय काढला नाही, मीही नाही.

टेबलावर नवी प्रत पडलेली, कडा ओलसर,
'पूस'च्या पानावर उघडी.
'आधी दाखव' या ओळीच्या शेवटी
एक बारीक खवला चिकटला होता.
तिथवर कुणाचं तरी बोट आलं होतं.